शेऱ्याचा रकाना

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी ग्रंथपाल आहे. इतिहास आणि समाजशास्त्र हे संस्थेचे विषय. पुस्तके एका मजल्यावर, नियतकालिकांचे बांधीव खंड दुसऱ्यावर, मोडी कागद तळघरात, प्रबंध संचालकांच्या खोलीमागच्या कपाटात, नकाशे आणि फोटो लोखंडी पेट्यांत. प्रत्येकाची नोंद वेगळी आणि नोंदण्याची तऱ्हाही वेगळी. हे सगळे एकत्र आणून एकात्मिक डिजिटल ग्रंथालय उभे करायचे काम गेली सहा वर्षे चालू आहे. वाचकाने एका चौकटीत एक शब्द टाकावा आणि त्याच्याशी संबंध असलेले पुस्तक, लेख, प्रबंध, पत्र, फोटो एकाच यादीत समोर यावे, हा त्यामागचा हेतू.

हे काम व्हायलाच हवे. नांदेडच्या एखाद्या मुलीला दोन पानांच्या टिपणासाठी रात्रभर एसटीचा प्रवास करावा लागू नये. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. त्या मुलीची ती रात्र वाचवणे हे आमचे कामच आहे. दुसरे कारण ५ जानेवारी २००४ चे. त्या दिवशी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. पोथ्या-पुस्तके कपाटांतून जमिनीवर आली. एकुलत्या एका प्रतीवर विसंबून राहणे किती धोक्याचे, हे पुण्यातल्या ग्रंथपालांना त्या दिवशी डोळ्यांनी दिसले.

हे काम पुढे सरकते तशी एकेक वस्तू ग्रंथालयातून बाहेर पडते. ज्या बाहेर पडल्या किंवा पडणार आहेत त्यांची ही यादी. दाखल रजिस्टरात अगदी शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना असतो. बाकीच्या रकान्यांत न बसणारे जे काही सांगायचे, ते तिथे लिहितात. ही यादीही त्याच रकान्यातली समजावी.

१. कार्डांचे कपाट

सागवानी, साठ खणांचे. प्रत्येक खणाला पितळी कडी, कडीवर अक्षरांची चिठ्ठी. आत साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची कार्डे उभी, प्रत्येकाला खाली मध्यभागी भोक, सगळ्या भोकांतून एक दांडी. दांडीमुळे कार्ड उपसून नेता येत नसे. एका पुस्तकाची निदान तीन कार्डे: लेखकाचे, शीर्षकाचे, विषयाचे. इंग्रजी कार्ड टाइपरायटरवर, मराठी हाताने, काळ्या शाईत, सुट्या सरळ अक्षरात.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन नावाचे गाव आहे. तिथली ओसीएलसी ही संस्था १९७१ पासून ग्रंथालयांना छापील कार्डे पुरवत होती. १ ऑक्टोबर २०१५ रोजी तिने शेवटची कार्डे छापली. आमचे कपाट त्यानंतर तीन वर्षांनी बंद झाले.

मुख्य कार्डाच्या मागे त्या पुस्तकाची बाकीची कार्डे कोणत्या खणांत आहेत ते लिहिलेले असे. पुस्तक बाद झाले की त्यावरून सगळी कार्डे काढता येत. संगणकात नोंदी भरायचे काम बाहेर दिले, तेव्हा करारात कार्डाची पुढची बाजू होती. मागची बाजू आमच्यापैकी कोणालाच आठवली नाही. पहिले अकरा खण भरून झाले आणि रद्दीच्या पोत्यांत गेले. बाराव्या खणातले एक कार्ड माझ्या हातून निसटले आणि उलटे पडले. मागे पेन्सिलीने लिहिले होते: ‘पाने ११३–१२८ दोनदा. १२९–१४४ नाहीत. पूर्ण प्रत मुंबईस पाहिली. १४-२-५८.’

सोळा पानांचा एक फॉर्म बांधणीत दुबार लागला होता आणि पुढचा राहून गेला होता. संगणकातल्या नोंदीत मात्र ते पुस्तक पूर्ण होते. आहे तसे स्कॅन झाले असते, तर लेखकानेच मधला भाग गाळला असे वाचकाला वाटले असते. १९५८ साली माझ्या खुर्चीवर बसलेला कोणी एक जण ही सोळा पाने पाहायला मुंबईला जाऊन आला. खाली सही नाही. अक्षर ओळखील असेही आता कोणी राहिले नाही.

पोती परत आणायला माणूस पाठवला. अकरा खणांपैकी चार मिळाले.

२. ‘पाहा’ कार्ड

एका ओळीचे कार्ड. ‘केशवसुत, पाहा: दामले, कृष्णाजी केशव.’ ‘लोकहितवादी, पाहा: देशमुख, गोपाळ हरि.’ गोविंदाग्रज आणि बाळकराम ही दोन कार्डे वेगवेगळ्या खणांत, दोन्ही बोट दाखवत राम गणेश गडकऱ्यांकडे.

पुस्तकाची माहिती देत नाही म्हणून नोंदी भरणाऱ्याने हे कार्ड बाजूला ठेवले. परिणाम असा झाला की गडकरी संगणकात तीन माणसे झाले. इंग्रजी पुस्तकांवरच्या स्पेलिंगमुळे काही इतिहासकार चार-चार झाले. नवी यंत्रणा ही नाती सांभाळू शकते, त्यासाठी नामसूचीची वेगळी सोय तिच्यात आहे. पण कोणते नाव कोणाचे हे तिला माणसानेच सांगावे लागते. बाजूला ठेवलेली ‘पाहा’ कार्डे आम्ही बुटांच्या दोन खोक्यांत भरून परत टेबलावर आणली आणि नामसूचीची सुरुवात तिथून केली.

३. दाखल रजिस्टर

लांब, जाड, लाल कापडाच्या पाठीचे. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, कोणाकडून, बिल क्रमांक, वर्गांक, शेरा. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कोणाला देत नाहीत. पुस्तक हरवले, फाटले, बाद झाले, तरी क्रमांक त्याचाच राहतो.

कपाटात पुस्तके विषयाने लागतात. रजिस्टरात ती आलेल्या क्रमाने असतात. एका निवृत्त मामलेदाराच्या घरून आलेली दोनशेहून अधिक पुस्तके आज आमच्याकडे शेती, कायदा, भक्तिसाहित्य, व्याकरण अशी सगळीकडे विखुरलेली आहेत. ती एका घरात एका माणसाने जमवली, हे फक्त रजिस्टरात कळते, कारण तिथे त्यांचे क्रमांक ओळीने आहेत आणि पहिल्या ओळीसमोर शेरा आहे: ‘देणगी. अट: एकत्र ठेवावीत.’

ती अट आम्ही पाळली नव्हती. डिजिटल ग्रंथालयात ती पाळता आली. त्या साऱ्या नोंदींना एक समान खूण दिली. आता एका क्लिकवर त्या मामलेदाराचे कपाट पुन्हा उभे राहते.

४. शके

जुन्या मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर साल शकाचे असे. कार्ड लिहिणारा शेजारी कंसात इसवी सन लिही. नोंदी भरणाऱ्यांनी पहिला आकडा घेतला.

शके १८०५ म्हणजे इसवी सन १८८३–८४. संगणकात त्या सालच्या आमच्या पुस्तकांचे प्रकाशनवर्ष १८०५ पडले. १८०५ हे विल्यम केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापून निघाले ते वर्ष, म्हणजे मराठी मुद्रणाचा अगदी आरंभ. सालवार यादी काढली की आमची एक पाकशास्त्राची पुस्तिका केरीच्या शेजारी जाऊन बसे. एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने तेच साल तळटिपेत दिले आणि मार्गदर्शकांच्या नजरेतून ते सुटले नाही, म्हणून आम्हाला चूक कळली. १९०० च्या आतल्या सालांच्या साऱ्या नोंदी आम्ही पुस्तके हातात घेऊन पुन्हा तपासल्या.

५. तारखेची चिठ्ठी

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर खळीने डकवलेली, रकाने आखलेली. परतीची तारीख रबरी शिक्क्याने. शेजारी पुस्तककार्डाचा खाकी खिसा. वाचकाचे तिकीट आणि पुस्तकाचे कार्ड एकत्र करून लाकडी ट्रेमध्ये तारखेच्या मागे लावायचे. या पद्धतीला आम्ही ब्राऊन पद्धत म्हणत असू. नीना ब्राऊन या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचे ते नाव.

आता बारकोड आहे. कोणी काय नेले ते यंत्रणेत असते आणि वाचकाची खासगी बाब म्हणून ती नोंद पुढे पुसली जाते, हे योग्यच. पण चिठ्ठीवर वाचकाचे नाव कधीच नव्हते. तिथे फक्त तारखा होत्या. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळावरची जुनी सरकारी पुस्तके किती भराभर बाहेर जात होती, हे आमच्याकडच्या चिठ्ठ्यांवर शिक्क्यांच्या दाटीतून दिसते. त्या चिठ्ठ्या सोडवण्याआधी त्यांचा फोटो घेतो आणि पुस्तकाच्या नोंदीला जोडतो. एका फोटोला एक मिनिट लागते.

६. गुप्त पान

ग्रंथालयाचा शिक्का मुखपृष्ठावर मारतात, शेवटच्या पानावर मारतात आणि मधल्या एका ठरावीक पानावर. हे पान फक्त कर्मचाऱ्यांना ठाऊक असते. मुखपृष्ठ फाडून पुस्तक जुन्या बाजारात गेले, तरी ते पान उघडून ‘हे आमचे’ म्हणता येते. आमचे पान कोणते ते इथे लिहीत नाही, कारण पुस्तके अजून कपाटांत आहेत.

स्कॅनिंगच्या पहिल्या फेरीत ठेकेदाराने पाने सॉफ्टवेअरने ‘स्वच्छ’ करून दिली. शिक्के गेले, डाग गेले, पिवळेपणा गेला. पांढरीशुभ्र पाने पाहून आम्हीही खूश झालो. मग एका जिल्हा गॅझेटियरचे मूळ पान आणि स्कॅन मी शेजारी ठेवले. मूळ पानाच्या समासात कोणी पेन्सिलीने लिहिले होते: ‘हे गाव भोर संस्थानात, सातारा जिल्ह्यात नव्हे.’ स्कॅनमध्ये समास कोरा होता. सॉफ्टवेअरच्या लेखी पेन्सिल आणि डाग एकच.

तेव्हापासून प्रत्येक पानाची मूळ प्रतिमा न धुता, न कापता, पूर्ण रंगात जपतो. वाचायला सोपी प्रत तिच्यावरून वेगळी करतो.

७. बाइंडर

वर्षातून दोनदा व्हरांड्यात बसायचा. पुठ्ठा, रेक्झिन, मेण लावलेला दोरा, खळीचे भगुले. वाळवी-कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचा, त्यामुळे ती निळसर दिसे. मासिकाचे बारा अंक एकत्र शिवून खंड करायचा आणि पाठीवर सोनेरी अक्षरे ठसवायचा.

त्याच्याजवळ आम्ही दिलेली सूचनांची चिठ्ठी असे. माझ्या आधीच्यांच्या अक्षरातली एक अजून जपून ठेवली आहे: ‘कव्हरे व जाहिराती काढाव्यात.’ जागा वाचावी म्हणून ही रीत बऱ्याच ग्रंथालयांत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकातल्या जाहिराती म्हणजे साबणाचा भाव, शिवणयंत्राचे हप्ते, बाळंतकाढे, मुलींच्या शाळांची पत्रके. समाजशास्त्राचे संशोधक आज येऊन तेच मागतात. आमच्या खंडांत ते नाही. जिथे सुटे अंक शिल्लक आहेत अशी घरे आणि गावोगावची वाचनालये शोधून, तेवढीच पाने स्कॅन करून आणतो आणि खंडाच्या नोंदीला जोडतो. त्या पानांपुढे ‘या प्रतीतील नव्हे’ असे स्पष्ट लिहितो.

बाइंडरचा मुलगा आता झेरॉक्सचे दुकान चालवतो. घट्ट शिवलेल्या खंडात ओळींची टोके शिवणीत जातात, स्कॅनरला दिसत नाहीत. असा खंड न कापता कसा सैल करायचा, हे त्याच्या वडिलांना माहीत होते. मुलाने आठवून आठवून आम्हाला दाखवले.

८. रुमाल

मोडी कागद बांधायचे चौकोनी फडके. दप्तर रुमालांत बांधायचे ही मराठी राज्यातली रीत. पुण्याचे पेशवे दप्तर आजही रुमालांनीच मोजतात. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. त्यासाठी किती रुमालांच्या गाठी सुटल्या असतील!

आमच्याकडचे रुमाल थोडे. त्यांत वेखंडाच्या चुऱ्याचा वास अजून आहे. आता कागद सपाट करून आम्लविरहित खोक्यांत ठेवतो. कागदासाठी ते चांगलेच. रुमाल मात्र रिकामा होतो.

कागद रुमालात ज्या क्रमाने असतात, तो क्रमही बोलतो. आमच्या एका रुमालात मिती नसलेले एक पत्र होते. ते दुसऱ्या कागदाच्या घडीत दुमडलेले होते. तो दुसरा कागद म्हणजे धान्याची पावती, तिच्यावर मिती होती. दोन्ही कागद उलगडून, सपाट करून, आकाराप्रमाणे लावले असते, तर पत्राचा काळ कायमचा हरवला असता. म्हणून आमचा नियम असा: गाठ सोडण्यापूर्वी रुमालाचा फोटो. मग जसा निघेल तसा कागदाला क्रमांक, कोऱ्या कागदालासुद्धा. एकात एक निघाले तर तसे शेऱ्यात.

स्कॅन झाले म्हणजे वाचले गेले असे होत नाही. मोडी जाणणारा नसेल, तर ती प्रतिमा म्हणजे नुसते चित्र. मोडीचे वर्ग चालतात, तरुण मुले येतात, त्यांतली काही आमच्याकडे बसून बाळबोधात लिप्यंतर करतात. जेवढ्या कागदांचे लिप्यंतर होते, तेवढेच एका शब्दाच्या शोधात सापडतात. बाकीचे अजून गाठीतच आहेत असे मी धरते.

९. पाठकोऱ्या चिठ्ठ्या

संशोधकाची खरी पुंजी. डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचे काम १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी सुरू केले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. त्यांवर उभ्या राहिलेल्या कोशाचा पहिला भाग १९७६ साली निघाला. एका शब्दाला एक चिठ्ठी, त्यावर संदर्भ, लोखंडी खणांच्या रांगाच रांगा. पुण्यात संशोधन म्हणजे चिठ्ठ्या, हे समीकरण असे मुरलेले.

आमच्याकडे एका दिवंगत अभ्यासकाच्या घरून चिठ्ठ्यांची सात खोकी आली. गावांची नावे, त्यांच्या जुन्या नोंदी, एक गाव एक चिठ्ठी. सगळ्या पाठकोऱ्या कागदांवर: लग्नपत्रिका, विजेचे बिल, परीक्षेची प्रश्नपत्रिका, कुरियरची पावती. गृहस्थ चिठ्ठीवर तारीख घालत नसत. पण लग्नपत्रिकेवर लग्नाची तारीख असते. मागची बाजू पाहून कोणती चिठ्ठी साधारण केव्हाची, कोणते मत आधीचे आणि कोणते नंतरचे, हे कळत गेले. एका गावाच्या दोन चिठ्ठ्यांत दोन वेगळी मते होती. एकीमागे १९६६ ची पत्रिका, दुसरीमागे १९८१ चे बिल. त्यांनी मत बदलले होते.

दोन्ही बाजू स्कॅन केल्या. लागणारी जागा दुप्पट झाली आणि त्यासाठी भांडावे लागले.

१०. सायकलवरची मागणी

आंतरग्रंथालयीन देवघेवीचा छापील फॉर्म, त्यावर सही-शिक्का, आणि तो घेऊन सायकलवर निघालेला परिचर. पुण्यात एका संस्थेतून दुसरीत अर्ध्या तासात पोचता येई. लांबचा लेख हवा असेल, तर दिल्लीच्या इन्सडॉकला पत्र. १९५२ साली युनेस्कोच्या मदतीने स्थापन झालेले हे केंद्र परदेशी नियतकालिकांतल्या लेखांच्या छायाप्रती टपालाने पाठवी. २००२ साली ते दुसऱ्या संस्थेत विलीन झाले. आता तोच लेख दोन मिनिटांत पडद्यावर येतो. यात गमावले असे काही नाही. फॉर्मची एक प्रत नमुना म्हणून ठेवली आहे.

११. मायक्रोफिल्म

पस्तीस मिलिमीटरची रिळे, ती पाहायचे अवजड यंत्र, अंधारी खोली. यंत्राचा दिवा गेला, तसा मिळेना. काही डब्यांची झाकणे उघडली की व्हिनेगरचा वास येतो. तो वास आला की ती फिल्म फार काळ टिकणार नाही. म्हणून स्कॅनिंगला आधी अशी रिळे घेतली.

१२. फ्लॉपी

यादीत ही वस्तू पाहून तरुण सहकाऱ्यांना नवल वाटले. जुन्या वस्तू म्हणजे कागदाच्या, अशी त्यांची समजूत.

नव्वदच्या दशकात संस्थेत संगणक आला. युनेस्कोने मोफत दिलेली सीडीएस-आयसिस ही प्रणाली त्यावर चाले. माझ्या आधीच्या ग्रंथपाल बाईंनी मराठी नियतकालिकांतल्या हजारो लेखांची सूची तयार केली आणि ती त्या वेळी बाजारात मिळालेल्या एका मराठी फॉन्टमध्ये टाइप केली. तेव्हा युनिकोड आमच्यापर्यंत पोचले नव्हते. प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी असे. आज ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा कालवा दिसतो. बदलून देणारी सॉफ्टवेअरे आहेत, पण ती माहीत असलेल्या फॉन्टांसाठी. हा फॉन्ट विकणारा दुकानदारही राहिला नव्हता आणि अर्ध्या फ्लॉप्या वाचल्याच जात नव्हत्या.

सूची वाचली ती बाईंच्या एका सवयीमुळे. दर महिन्याच्या शेवटी त्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, कडेला भोके असलेल्या लांब कागदावर, प्रत काढून ठेवत. शाई फिकी झाली आहे, तरी अक्षर लागते. तिघींनी सव्वा वर्ष बसून ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली.

शिळाप्रेसवर छापलेली पोथी दीडशे वर्षांनंतर उघडता येते. फ्लॉपी पंचवीस वर्षांत गेली. आपण आज जे बांधतो आहोत तेही असेच जाऊ शकते, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, फाइली कोणत्याही एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या स्वरूपात, तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी, आणि दर वर्षी एकदा प्रत्येक प्रत उघडून पाहणे.

१३. ‘कांहीं’

ही वस्तू म्हणजे एक अनुस्वार. जुन्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘केलें’ असे छापत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. आजचा वाचक ‘शाळा काढली नाही’ असे शोधतो, पुस्तकात ‘नाहीं’ आहे, आणि यंत्र सांगते की काही सापडले नाही. छापील पानावरून अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर आणखी गोंधळ घालते. झिजलेल्या खिळ्यांचा ‘घ’ त्याला ‘ध’ दिसतो आणि ‘भ’ ‘म’ दिसतो.

जुने लेखन बदलून नवे करायचे, असा एक प्रस्ताव आला होता. मी नको म्हटले. पुस्तकात जे छापले तेच पडद्यावर दिसले पाहिजे. आम्ही जोड्यांची यादी केली: काही–कांहीं, नाही–नाहीं, अशा अनेक. शोध दोन्ही रूपांत होतो, मजकूर मूळ रूपातच दिसतो.

१४. मामा

ग्रंथालय परिचर. चौतीस वर्षे नोकरी. सारी संस्था त्यांना मामा म्हणते. एकदा मी एका नकाशासंग्रहाचा वर्गांक सांगितला, तर म्हणाले, “मॅडम, तिथे बघू नका. तो मोठा आहे, उभा राहत नाही, म्हणून खालच्या फळीत आडवा ठेवलाय. माझ्या आधीपासून तिथंच आहे.” संगणकात तो संग्रह ‘गहाळ’ होता.

मामांच्या निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा त्यांचे बाकीचे काम काढून घेतले आणि त्यांना माझ्यासोबत प्रत्येक कपाटापुढे नेले. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. ‘या खंडाचे दोन भाग चुकीच्या पाठीत बांधलेत.’ ‘या फोटोतल्या बाई पहिल्या संचालकांच्या आई, त्यांनी स्वतः सांगितलं होतं.’ ‘गहाळ’ शेरा असलेल्या नोंदींपैकी एकोणचाळीस वस्तू त्या फेरीत सापडल्या. नोंदीत माहितीचा स्रोत म्हणून ‘ग्रंथालय परिचर यांच्या सांगण्यावरून’ असे लिहिले आणि त्यांच्या परवानगीने नावही घातले.

यादी इथे थांबवते.

आमची पुस्तकांची सूची कोहा या मुक्त प्रणालीवर आहे. ती न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनली आणि २००० साली सर्वांना खुली झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. स्कॅन केलेले प्रबंध, कागद आणि फोटो डीस्पेसवर आहेत. ती एमआयटी आणि एचपी यांनी २००२ साली खुली केलेली प्रणाली. दोन्हींमधून एकत्र शोध चालावा म्हणून नोंदींचे समान रकाने लागतात. ते आम्ही डब्लिन कोअर या मानकातून घेतले. १९९५ साली त्याच ओहायोतल्या डब्लिन गावी भरलेल्या बैठकीतून हे मानक निघाले. शीर्षक, निर्माता, विषय, तारीख, स्रोत, भाषा, हक्क असे एकूण पंधरा रकाने. विचार करून आखलेले आहेत आणि जगभर चालतात.

त्यांत शेरा नाही. वर्णनाच्या रकान्यात तो कोंबता येतो, पण तिथे तो सारांशात बुडतो. डीस्पेसमध्ये आपला रकाना जोडायची सोय आहे. आम्ही सोळावा जोडला, त्याला ‘शेरा’ हेच नाव दिले आणि तो शोधात येईल असे केले. मुंबईस पाहिलेली पूर्ण प्रत त्यात आहे. भोर संस्थानातले गाव, घडीत दुमडलेले पत्र, लग्नपत्रिकेची तारीख, आडवा ठेवलेला नकाशासंग्रह, सगळे त्यातच. नोंद भरणाऱ्याला आमची सूचना एवढीच: हा रकाना कोरा सोडायचा असेल, तर वस्तूची मागची बाजू पाहिल्याची सही करावी.

गावोगावच्या ग्रंथालयांत, महाविद्यालयांत आणि संस्थांत आज हेच काम निघाले आहे. निधी येतो, मुदत असते, ठेकेदार घाई करतो. त्या कामावर असलेल्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. कपाट जाऊ द्या, कार्डे जाऊ द्या, जागा मोकळी करा. पण रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी दोन माणसे आणि एक पावसाळा या कामाला द्या, आणि प्रत्येक कार्ड, प्रत्येक चिठ्ठी एकदा उलटून पाहा. आमचे सात खण गेले. त्या सात खणांच्या मागे काय लिहिले होते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.